चालकाच्या आसनाची गाडी

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता आणि कर्जाची सोय स्टेट बँकेने केली होती. घाऊक माल उचलून भाव आणि व्याज दोन्ही उतरवून घेण्याची ही जुनीच पेठेतली रीत. फरक इतकाच की या वेळी माल जर्मन होता. आपल्या शहराची ऐपत देशाला दिसावी हा त्यामागचा हेतू होता आणि तो सफलही झाला. पुढे बरेच दिवस चर्चा राहिली ती संख्येची आणि रकमेची. ती गाडी स्वतः चालवताना कसे वाटते, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

तो बाजूला राहावा यात नवल नाही. व्यापारी घराण्यांत मोठी गाडी येते ती बहुधा मागील आसनाकरिता. पुढे ड्रायव्हर, मागे शेठजी, शेजारी हिशेबाची बॅग आणि सणासुदीला संपूर्ण कुटुंब. कंपन्यांनीही ही गोष्ट अचूक हेरली आहे. मर्सिडीजने २०१७ पासून आपली ई-क्लास भारतात लांब अंगाची करून विकायला काढली. बीएमडब्ल्यूने २०२१ मध्ये ३-सीरिजची ‘ग्रान लिमोझिन’ आणली, तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर मूळ गाडीपेक्षा ११० मिलिमीटरने अधिक आहे. ही सगळी वाढ मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांसाठी आहे.

परंतु त्याच २०२१ साली, चेन्नईच्या त्याच कारखान्यात, त्याच ३-सीरिजचे एक दुसरे भावंड जुळवले जाऊ लागले. त्याचे नाव एम३४०आय. त्याचे अंग वाढवलेले नाही. एका रांगेत सहा सिलिंडर असलेले तीन लिटरचे इंजिन, ३८७ अश्वशक्ती, ताशी १०० किलोमीटरचा वेग ४.४ सेकंदांत, आणि बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत ६२ लाख ९० हजार. ही गाडी चालकाच्या आसनासाठी बांधलेली आहे. तिला स्पोर्ट सेडान म्हणतात. चार दारे, पाच माणसांची जागा, सामानाची डिकी, असे सारे गृहस्थी. पण सुकाणू हाती धरणाऱ्याला आनंद देण्यासाठी घडवलेले. हा प्रकार जन्माला कसा आला, याची कथा व्यापाऱ्याला विशेष रुचेल अशी आहे.

१९५९ सालच्या अखेरीस बीएमडब्ल्यू ही कंपनी बुडण्याच्या बेतात होती. तिच्या दुकानात मुख्यतः दोन टोकांचा माल होता. एका टोकाला आठ सिलिंडरची महागडी, अवजड गाडी, जिला गिऱ्हाईक मोजकेच. दुसऱ्या टोकाला इझेटा नावाची अंड्याच्या आकाराची चिमुकली गाडी, जिच्यात नफा नाममात्र. मधला, रोजचा, खपणारा माल जवळजवळ नव्हताच. ९ डिसेंबर १९५९ रोजी म्युनिकमध्ये भागधारकांची सभा भरली आणि कंपनी डाइमलर-बेंझच्या, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या, पदरात टाकण्याचा प्रस्ताव संचालकांनी मांडला. छोट्या भागधारकांनी आणि विक्रेत्यांनी त्याला कडाडून विरोध केला; प्रस्ताव बारगळला. त्यानंतर हर्बर्ट क्वांट या उद्योगपतीने कंपनी विकण्याचा विचार सोडून उलट तिच्यात आणखी भांडवल घातले. चालू दुकान मोडीत न काढता त्याने आधी मालाची निवड सुधारली.

ती सुधारणा १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दिसली. गाडीचे नाव १५००. दीड लिटरचे, ८० अश्वशक्तीचे इंजिन, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे एक चाक खड्ड्यात गेले तरी त्याची शिक्षा दुसऱ्याला नाही. कंपनीने या मालिकेला ‘नोये क्लासे’, म्हणजे ‘नवा वर्ग’, असे नाव दिले. डॉक्टर, वकील, लहान कारखानदार अशा मध्यम पण हौशी गिऱ्हाइकाला आजवर कुणी विचारले नव्हते, त्याच्यासाठी ही गाडी होती. कंपनी वाचली ती या मालिकेवर.

पुढचा किस्सा अधिक गमतीचा आहे. १९६६ मध्ये याच घराण्यात एक आखूड, दोन दारांची, १.६ लिटरची गाडी निघाली. इंजिनांचे रचनाकार आलेक्स फॉन फाल्कनहाउझन यांनी आपल्या स्वतःच्या गाडीत गुपचूप दोन लिटरचे इंजिन बसवून घेतले. नियोजन विभागाचे प्रमुख हेल्मुट वेर्नर ब्योन्श यांनीही, एकमेकांना पत्ता नसताना, नेमके तेच केले. दोघांच्या ध्यानी ही गोष्ट आली तेव्हा त्यांनी मिळून संचालकांकडे आग्रह धरला. तिकडे अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन हेही अधिक ताकदीची गाडी मागत होते. १९६८ मध्ये ‘२००२’ बाजारात आली आणि तिने कंपनीचे नाव अमेरिकेत रुजवले. बाजारपेठेची पाहणी करून नव्हे, स्वतःला रोज चालवायला आवडेल अशी वस्तू दोन जाणत्यांनी आधी स्वतःसाठी करून घेतली, तिचा हा व्यापार.

इटलीत आल्फा रोमेओने १९६२ मध्ये जूलिया ही चार दारांची चपळ गाडी आणून हेच सूत्र आपल्या पद्धतीने मांडले होते, हे येथे नोंदवायला हवे. पण या वर्गाला प्रतिष्ठा आली ती १९८० च्या दशकात. ऑगस्ट १९८३ मध्ये मर्सिडीजने आपल्या लहान १९० गाडीची एक वेगवान आवृत्ती दक्षिण इटलीतील नार्दोच्या वर्तुळाकार चाचणीमार्गावर सोडली. ५०,००० किलोमीटर, सुमारे २०१ तास, रात्रंदिवस. सरासरी वेग ताशी २४७.९ किलोमीटर. पुढल्या वर्षी, १२ मे १९८४ रोजी, न्युर्बुर्गरिंगच्या नव्या मार्गाच्या उद्घाटनाला नामांकित शर्यतपटूंना याच एकसारख्या गाड्या देऊन शर्यत लावली गेली. यंत्र सर्वांचे समान, म्हणजे कस लागायचा तो हातांचा. पहिला आला चोवीस वर्षांचा, तेव्हा फारसा कुणाला ठाऊक नसलेला आयर्टन सेना. विश्वविजेता निकी लाउडा दुसरा.

१९८५ मध्ये बीएमडब्ल्यूने पहिली एम५ दाखवली. एम१ या गाडीच्या इंजिनावरून बेतलेले २८६ अश्वशक्तीचे इंजिन तिने ५-सीरिजच्या साध्या देहात लपवले होते. रस्त्यावर शेजारून गेली तर ती एखाद्या सरकारी अधिकाऱ्याची गाडी वाटावी. आपल्याकडच्या जुन्या आडत्यांना ही वृत्ती परकी वाटू नये. पांढरा सदरा, साधी गादी आणि तिजोरीतला ऐवज फक्त मुनीमजींना ठाऊक.

आता मुख्य प्रश्न. या गाडीत वेगळे असते तरी काय? अश्वशक्तीचा आकडा हे त्याचे अर्धेच उत्तर, आणि बहुधा कमी महत्त्वाचे. आज कितीतरी मोठ्या एसयूव्हींकडेही तेवढी शक्ती असते. फरक वजनाच्या मांडणीत आहे. स्पोर्ट सेडानचे इंजिन शक्य तितके मागे सरकवून बसवतात, म्हणजे गाडीचा भार पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मा-निम्मा पडतो. तराजूची दोन्ही पारडी समान असली की काटा थोड्या इशाऱ्यानेही हलतो, तसेच येथे होते. वळणाआधी ब्रेक दाबला की वजन पुढे झुकते, पुढच्या टायरांची पकड वाढते आणि नाक वळणात शिरते. वळणाच्या मध्यानंतर ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला की वजन मागे सरकते आणि मागची चाके गाडीला बाहेर ढकलतात. पुढच्या चाकांनी वळायचे आणि मागच्यांनी ढकलायचे अशी कामाची वाटणी असल्याने स्टीअरिंगमधून रस्त्याची बातमी स्वच्छ येते. सहा सिलिंडर एका रांगेत असले की त्यांतील पिस्टन परस्परांचे हादरे फेडून टाकतात. म्हणून ते इंजिन वर चढत जाते तरी थरथरत नाही. हे सर्व मागील आसनावर बसून कळत नाही. तेथे फक्त सस्पेन्शन जरा कडक लागते आणि काकू तक्रार करतात, ‘एवढे पैसे घालून गादी का मऊ नाही?’ त्यांची तक्रार रास्त आहे. ही गाडी त्यांच्यासाठी बांधलेली नाही, आणि हे घरात आधीच स्पष्ट झालेले बरे.

परवडीचा विचारही आधीच व्हावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरील जीएसटी, पूर्वीचा २८ टक्के अधिक उपकर मिटून, सरसकट ४० टक्के झाला. अशा सेडानवर पूर्वी एकूण ४८ टक्के पडत. तेवढा भार हलका झाला. मात्र हा कर धंद्याच्या नावाने गाडी घेतली तरी परत मिळत नाही. प्रवासी गाड्यांवरील इनपुट क्रेडिट कायद्याने अडवलेले आहे, अपवाद गाड्यांचाच व्यवसाय करणाऱ्यांचा. वरून कंपनीच्या नावे नोंदणी केल्यास महाराष्ट्रात वाहनकर व्यक्तीच्या नावापेक्षा बराच अधिक बसतो. घसाऱ्याचा दर साल १५ टक्के. ६० लाखांची गाडी वहीत तीन वर्षांनी सुमारे ३६ लाख ८५ हजारांची उरते, आणि मार्चअखेरीस घाईने घेतली तर पहिल्या वर्षी अर्धाच घसारा. खासगी वापराचा भाग पुन्हा वेगळा. या सगळ्यांतून करबचतीचे जे चित्र विक्रेता रंगवतो, त्यापेक्षा खरे चित्र बरेच फिके असते. आनंदासाठी गाडी घेत असाल तर ती आनंदाच्या खात्यावरच लिहावी; धंद्याच्या खात्यावर ढकलून मनाचे समाधान करून घेण्यात अर्थ नाही.

त्या दृष्टीने ज्यांना जपून पाऊल टाकायचे आहे त्यांनी दोन-तीन वर्षे वापरलेली, एका हातची, कंपनीच्या सेवेची नोंद पूर्ण असलेली गाडी पाहावी. पहिल्या मालकाने किमतीची सर्वांत मोठी घसरण सोसलेली असते. टायर मात्र बारकाईने तपासावेत. या गाड्यांचे टायर रुंद आणि बाजूने बुटके असतात. आपल्या खड्ड्यात आपटले की बाजूला फुगवटा येतो, प्रसंगी चाकाची कडही वाकते. गतिरोधकावरून तिरके आणि सावकाश जावे लागते. ही रोजची कटकट आहे आणि तिच्यावर उपाय नाही. त्याहून मध्यम खर्चात हौस भागवू पाहणाऱ्यांसाठी स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस हा बराच काळ जाणत्यांचा पर्याय राहिला. २००४ मध्ये ती शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवून विकली गेली. पुढे २०२० मध्ये २४५ अश्वशक्तीच्या फक्त २०० गाड्या आल्या, तर २०२५ मध्ये २६५ अश्वशक्तीच्या अवघ्या १००, आणि त्याही ४९ लाख ९९ हजारांना. इतका मोजका माल येतो, यावरून ही हौस आपल्याकडे किती अल्पसंख्य आहे ते उमगते.

जैन कुटुंबांत गाडी ठरवताना आणखी एक प्रश्न हमखास निघतो, तो चामड्याचा. महाग गाडी म्हणजे चामड्याची आसने असा पूर्वी शिरस्ताच होता. आता बीएमडब्ल्यूचे सेन्सॅटेक व व्हेगान्झा आणि मर्सिडीजचे आर्टिको ही कृत्रिम आवरणे अनेक मॉडेलांत मिळतात आणि उन्हाळ्यात निगेलाही सोपी पडतात. परंतु आसने कृत्रिम असली म्हणजे संपूर्ण गाडी चर्मविरहित झाली असे समजू नये. स्टीअरिंगवरचे आवरण आणि गिअरच्या मुठीवरची खोळ अनेकदा खऱ्या चामड्याचीच असते, आणि स्पोर्ट मॉडेलांत तर तिचे कौतुक करून वर्णन दिलेले असते. ज्या भागाला हात सर्वाधिक वेळ लागतो तोच भाग विचारायचा राहून जातो. नोंदणीची रक्कम भरण्यापूर्वी हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे.

राहिला रस्ता. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींना वेगमर्यादा १०० ची, समृद्धी महामार्गावर १२० ची. जी गाडी साडेचार सेकंदांच्या आत १०० गाठते, तिच्या सरळ रेषेतल्या करामतीला आपल्याकडे कायद्याने एवढाच वाव आहे. समृद्धीच्या ७०१ किलोमीटरांवर ही गाडी आणि एखादी साधी डिझेल गाडी यांत चालकाला फारसा फरक जाणवणारही नाही. उलट सरळ रस्त्याची एकसुरी गुंगी दोघांनाही सारखीच धोक्याची. या गाडीचा खरा स्वाद घाटात आहे. आंबा, आंबोली, ताम्हिणी, वरंधा यांपैकी कोणताही घाट पावसाळा सरल्यावर, पहाटे उजाडताना, मालमोटारींची रांग लागण्यापूर्वी घ्यावा. वेग चाळीस-पन्नासच असतो. तरीही प्रत्येक वळण स्वतंत्र असते: कुठे ब्रेक सोडायचा, कुठे नजर वळणाच्या टोकाकडे टाकायची, चढणीवर येणाऱ्याला वाट देऊन पुन्हा कसे निघायचे. आपली मार्गिका एक तसूही न सोडता हे सगळे साधते. ज्याला यापुढचे हवे असेल त्याने चेन्नईजवळचा इरुंगाट्टुकोट्टईचा, कोइम्बतूरचा कारी किंवा ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट हे मार्ग धरावेत. तेथे सरावाचे दिवस असतात, शिकवणारे असतात आणि समोरून कुणी येत नाही.

येथे एक गंभीर गोष्ट टाळून चालणार नाही. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका महागड्या गाडीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. त्या प्रकरणाचा निकाल न्यायालयच देईल. परंतु संपन्न घरांत त्या रात्रीनंतर जो प्रश्न विचारला जायला हवा होता, तो सर्वत्र विचारला गेला असे दिसत नाही: आपल्या घरातल्या किल्ल्या कुठे टांगलेल्या असतात?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९९-अ याबाबतीत निःसंदिग्ध आहे. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षे वयापर्यंत परवाना नाही. एकत्र कुटुंबात गाडी काकांच्या नावे, किल्ली चुलत दादाकडे आणि स्टीअरिंगवर बारावीतला धाकटा, असे सहज घडते. मालक म्हणून कायद्यासमोर काकांनाच उभे राहावे लागेल.

अठरा पूर्ण झाले म्हणजे ३८७ अश्वशक्तीचा अधिकार आपोआप येतो, असेही नाही. दुकानात नव्या मुलाला पहिल्याच दिवशी कुणी गल्ल्यावर बसवत नाही. आधी माल ओळखायला शिकवतात, मग मापाला बसवतात, गल्ला सर्वांत शेवटी. गाडीबाबतही तोच क्रम घरातील वडीलधाऱ्यांनी लावून द्यावा. पहिली वर्ष-दोन वर्षे घरातील जुनी, कमी शक्तीची गाडी आणि शक्य झाल्यास हाताने गिअर बदलायची. त्यानंतर एखाद्या प्रशिक्षणाचा दिवस, मोकळ्या मैदानावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबून पाहण्याचा; पुष्कळ चालकांनी आयुष्यात तो कधी दाबलेला नसतो. मोठी गाडी मिळाल्यावरही काही महिने शेजारी वडील असावेत आणि तिची चालनशैली सौम्य ठेवलेली असावी. काही कंपन्यांच्या मोबाइल ॲपमध्ये ठरलेल्या वेगाच्या वर गाडी गेली की मालकाला सूचना जाते. ती सोय असल्यास मुलाला सांगून सुरू ठेवावी, लपवून नव्हे.

आणि परीक्षा घ्यायचीच असेल तर ती घाटात, मागे आजींना बसवून घ्यावी. जेवण झालेले, दुपारची वेळ, मलकापूर सोडताच आजींचा डोळा लागलेला. आंबा घाटाची वळणे उतरताना त्यांची मान एकदाही हिंदकळली नाही आणि गाडी साखरप्याला चहासाठी थांबल्यावरच त्यांनी ‘आलं का?’ म्हणून विचारले, तर किल्ली द्यायला हरकत नाही.